फूटपट्टी

पेठेत याला कुणी घर म्हणत नाही.
अकरा फूट रुंद, तीन मजले उंच,
हळदीच्या दोन वखारींमध्ये
दप्तरात खुपसावी तशी उभी :
फूटपट्टी.

मी महापालिकेची कनिष्ठ अभियंता.
हातात टेप, काखेत फाईल,
विषय : पूररेषेच्या आतील मिळकतींची पाहणी.
तळमजल्यावर तराजू दुरुस्त करणारे इलाही तांबोळी
पारड्यावर फुंकर मारत म्हणाले,
"वर जावा की मॅडम. जिना मोजूनच केलाय त्यांनी."

मला वाटलं, बोलायची पद्धत असेल.

पहिली पायरी सहा इंच.
दुसरी सहा.
नववीलाही टेप तिथंच थांबला
तेव्हा मी खाली वाकून भिंत पाहिली.

नेमगोंडा आदगोंडा मगदूम,
कालव्यांचे इंजिनियर.
वर्षभर फ्रान्सला राहून पूल शिकून आले
आणि येताना वहीत तिथली एक गल्ली घेऊन आले :
खांद्याला खांदा लावलेली निमुळती घरं,
जमिनीपर्यंत उतरणाऱ्या खिडक्या.
गवंडी वैतागला होता म्हणे,
"साहेब, खिडकी का दार, एक काय ते ठरवा."
साहेबांनी ठरवलं नाही.
आजही तिसऱ्या मजल्यावर ते जे काही आहे
त्यातून नदी सरळ आत बघते.

दिवस मावळायच्या आत जेवण,
म्हणून साइटवरून सायकल हाणत यायचे.
कोयनेकाठी असोत की वारणेकाठी,
खिशात गाळणीचं फडकं, चार पदरी.
घोटभर पाणीसुद्धा
जो माणूस आयुष्यभर गाळून प्याला
त्याच्या घरात कृष्णा
न गाळता येत राहिली :
म्हशीची दावण, कुणाचं पासबुक,
पोतीच्या पोती हळद विरघळलेलं पिवळं पाणी.

दर खेपेला पाणी उतरलं की
ज्या पायरीला थांबलं होतं तिथं
भिंतीत एक पितळी खिळा,
शेजारी तारीख, सुबक, नकाशावरच्या अक्षरात.
दोन हजार पाचची तारीख मात्र थरथरती.
साहेब जाऊन तेव्हा सतरा वर्षं झालेली,
खिळा ठोकला तो रत्नव्वांनी,
वरवंट्यानं.
एकोणीस सालचा इलाहींचा. लोखंडी. गंजलाय.
"पितळ महाग झालं," ते ओशाळून म्हणाले.

कपाटात लेव्हल-बुकं सापडली.
एकात शहराची पूररेषा,
त्यांनीच मोजलेली, त्यांनीच आखलेली, निळ्या शाईत,
आणि रेषेच्या आत, पार आत,
पेन्सिलीचा एवढासा चौकोन : हे घर.
तारीख बांधकामाच्या आधीची.

म्हणजे माहीत होतं.

मी पानं उलटत राहिले.
काहीतरी थोर वाक्य असेल,
पाहणी अहवालाच्या वर टाकण्यासारखं.
समासात एवढंच होतं :
"जागा स्वस्त. बाजार जवळ.
रत्नव्वास नदी दिसावी म्हणते."

(माझा फ्लॅट विश्रामबागेत.
घेताना मी नकाशा तीनदा पाहिला होता.
गॅलरीतून समोरच्यांची गॅलरी दिसते.)

अगदी वर, त्या खिडकी-दाराशेजारी
डोळ्यांच्या उंचीवर आणखी एक खिळा.
पितळी. तारीख नाही.
मी टेप सोडला.
पेठेतलं रस्त्यावरचं एकही छप्पर
त्या उंचीला पोचत नव्हतं.
बोटांच्या टोकांना गार लागलं,
मी जिन्यातून हाक मारली,
"इलाहीचाचा, हा कशाचा? कधीचा?"

खालून आधी वजनं वाजली.
मग आवाज आला,
"टोपी अडकवायचे की हो ते."

मी फॉर्म भरला.
मजले तीन. रुंदी अकरा. भिंती चांगल्या.
धोकादायक : होय / नाही
यातलं काहीच खोडलं नाही.
शेऱ्याच्या रकान्यात बराच वेळ पेन टेकवून
शेवटी लिहिलं, एक खिळा, प्रयोजन अनिश्चित,

आणि उन्हाचा स्कार्फ सोडून
तिथं टांगला,
नदी बघेपर्यंत.